चार्जिंगचा पंखा आणि पहिल्या मजल्यावरची झोप

विजेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलची सुरुवातीची तक्रार ‘फारच शांत आहेत’ अशी होती. मागून गाडी आल्याचं पायी चालणाऱ्याला कळत नाही, दृष्टिहीन माणसाला तर मुळीच नाही. म्हणून युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना मुद्दाम आवाज काढणारं यंत्र सक्तीचं केलं. गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आत असेल तेव्हा हा आवाज यायला हवा. त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो. गंमत अशी, की चालताना ऐकू यावी म्हणून जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच गाडी रात्री पार्किंगमध्ये नुसती उभी असताना ऐकू येते आणि वरच्या मजल्यावरची झोप मोडते. चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या बॉनेटखालून घरघर सुरू होते, काही वेळाने थांबते आणि जरा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा सुरू होते.

शहरांतल्या सोसायट्यांच्या बैठकांत आता हा विषय निघू लागला आहे. आमच्या ओपीडीतही तो येतो, पण आडवळणाने. ‘झोप लागत नाही’, ‘सकाळी डोकं जड असतं’, ‘बीपीची गोळी वाढवून द्या’ अशी सुरुवात होते आणि चार प्रश्न विचारल्यावर पार्किंगपर्यंत पोचतो. त्यामुळे हा पंखा नेमका काय करतो आणि त्याचा आपल्या शरीराशी काय संबंध, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं. दोन्ही बाजूंचे लोक माझ्यासमोर बसतात. गाडीवाल्याला शेजारीण चिडकी वाटते, शेजारणीला गाडीवाला आडमुठा वाटतो. माझ्या मते बहुतेक वेळा दोघंही तसे नसतात.

आधी पंख्याची बाजू. घरच्या वाहिनीतून येणारी वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. हा बदल गाडीतलाच एक चार्जर करतो आणि तो करताना थोडी वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते. ७.२ किलोवॅटचा चार्जर असेल आणि दहा टक्के वीज वाया गेली असं धरलं, तर बॉनेटखाली सातशे वॅटची इस्त्री सतत चालू असल्यासारखं झालं. शिवाय बॅटरीच्या आतही उष्णता तयार होते, आणि तिचा हिशेब जरा तिखट आहे. विद्युतप्रवाह दुप्पट केला की ती साधारण चौपट होते. रस्त्यावर गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो आणि रेडिएटर आपोआप गार होतो. उभ्या गाडीला वारा कुठला? मग पंख्यानेच तो ओढावा लागतो. बाहेरची हवाच तापलेली असेल तर नुसता पंखाही पुरत नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे संध्याकाळी हवा ३८-४० अंशांवर असते. रेडिएटरमधून फिरणारं कूलंट त्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. अशा वेळी बऱ्याच गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि बॅटरीसाठी गारवा तयार करतो. ऐकू येते ती कॉम्प्रेसरची घूं आणि पंख्याची घरघर, दोन्ही मिळून.

‘मग पंखाच नसलेली गाडी का काढत नाहीत?’ असं एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. तशी काढून झाली आहे. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला कूलंटचा फेरा नव्हता. आपोआप होईल तेवढंच गार होणं तिच्या वाट्याला होतं. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनासारख्या तापणाऱ्या प्रदेशातल्या मालकांना बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटलेली दिसली, बराच गदारोळ झाला आणि पुढे कंपनीला क्षमतेच्या घटीसाठी वेगळी हमी द्यावी लागली. लिथियम-आयन बॅटरीला साधारण आपल्यालाच बरं वाटतं त्या तापमानात बरं वाटतं. पंखा हा गाडीचा दोष नाही, तो तिचा घाम आहे. आवाज येतो म्हणून तो अडवण्याचा किंवा त्याचं कनेक्शन काढण्याचा विचारही कोणी करू नये.

आता कानाची बाजू. इथे लोक मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप घेऊन येतात आणि आकड्यांवरून भांडतात, म्हणून आकड्यांबद्दल दोन शब्द. डेसिबलचं मोजमाप सरळ रेषेत चालत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. समजा गाडीच्या नाकापासून एका मीटरवर ६० डेसिबल भरले, तर दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८, आठ मीटरवर ४२. पण हे मोकळ्या मैदानातलं गणित झालं. आपल्या इमारतींच्या खालच्या स्टिल्ट पार्किंगला वर काँक्रीटचं छत, बाजूला भिंती, शेजारी डक्ट. तिथे आवाज पसरून विरत नाही, आपटत राहतो आणि डक्टमधून वर चढतो. त्यामुळे चौथ्या मजल्यावरचा माणूस ‘मला तर काहीच ऐकू येत नाही’ म्हणतो ते खरं असतं, आणि पहिल्या मजल्यावरची बाई ‘उशीखाली चक्की ठेवल्यासारखं वाटतं’ म्हणते तेही खरं असतं.

या आवाजाने कान खराब होतात का? नाही. ऐकण्याच्या क्षमतेला धोका सुरू होतो तो साधारण ८५ डेसिबलमध्ये रोज आठ तास काढल्यावर. घरी चार्ज होणाऱ्या गाडीचा आवाज शयनगृहात तेवढा पोचत नाही. ती काळजी सोडून द्या. प्रश्न झोपेचा आहे आणि झोपेची मर्यादा फार खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार शयनगृहात सलग येणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मध्येच उठणारा एखादा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. ३० म्हणजे जवळपास कुजबुज. अर्धवट उघडी खिडकी बाहेरच्या आवाजातले १०-१५ डेसिबल अडवते. म्हणजे खिडकीबाहेर ५० भरत असतील तर आत ३५-४० येतील. आपल्या हवेत उन्हाळ्यात खिडकी बंद करा असं सांगणं म्हणजे आजारापेक्षा औषध जड.

इथे एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. डोक्यावर छताचा पंखा रात्रभर गरगरतो. त्याचा आवाज काही कमी नसतो, जुना असेल तर कुरकुरतोही. त्याने झोप मोडत नाही. मग खालच्या गाडीच्या पंख्याने का मोडावी?

याचं उत्तर आपल्याला अनुभवाने माहीत आहे. रात्री लाइट जाते, पंखा थांबतो आणि उकडायच्या आतच जाग येते. शांततेने जाग येते! झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. कानाकडून येणारे संदेश मेंदूत जातच राहतात. खालच्या पातळीवर त्यांची चाळणी चालू असते आणि तिथला पहारेकरी आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो बदलला का, हे जास्त बघतो. छताचा पंखा एकसारखा असतो, त्याला पहारेकरी ओळखतो. गाडीचा पंखा सुरू होतो, वेग घेतो, थांबतो. प्रत्येक वेळी पहारेकऱ्याला पुन्हा तपास करावा लागतो. आईला बाळाच्या कुसकुसण्याने जाग येते आणि शेजारी झोपलेल्या बापाला वाजणाऱ्या वरातीनेही येत नाही, यामागेही हीच चाळणी आहे. (बापांनी याचा सबब म्हणून उपयोग करू नये.)

दुसरं कारण सुराचं. वाऱ्याचा, पावसाचा किंवा लांबच्या रहदारीचा आवाज अनेक कंपनसंख्यांचा मिळून झालेला असतो, त्यात सूर सापडत नाही. पंख्याला मात्र सूर असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे पाती हवा कापतात ती सेकंदाला २८० वेळा. हार्मोनियमवर मधल्या सप्तकातल्या काळी एकच्या अगदी जवळचा हा सूर आहे. एकाच सुराचा आवाज तेवढ्याच डेसिबलच्या बिनसुराच्या आवाजापेक्षा जास्त टोचतो, आणि पंख्याचा वेग बदलला की सूरही वर-खाली होतो. रात्री दोन वाजता कोणी एकच पट्टी दाबून धरून भाता हलवत बसलं तर काय होईल, तसंच हे.

तिसरं कारण मला डॉक्टर म्हणून सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गेल्या उन्हाळ्यात साठीला टेकलेल्या एक निवृत्त शिक्षिका ओपीडीत आल्या. बीपी जुनंच, एका गोळीवर बरं चाललेलं. दोन महिन्यांत वर गेलेलं. पहिल्या मजल्यावर घर, शयनगृहाच्या बरोबर खाली नवा चार्जिंग पॉइंट. त्या म्हणाल्या, “मॅडम, आवाज चालू असतो तेव्हा मला एवढा त्रास होत नाही. तो थांबतो ना, तेव्हा मी पुन्हा कधी सुरू होतोय याची वाट बघत जागी राहते.” मी झोपेच्या गोळ्या लिहिल्या नाहीत. चहा, जेवणाची वेळ, दुपारची झोप, थायरॉइड, सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या गोळ्या हे सगळं विचारलं, तपासलं. सांधेदुखीच्या गोळ्या निघाल्याच, आणि त्यांनीही बीपी वाढतं. त्यामुळे बाईंचं बीपी पंख्याने वाढलं असं मी म्हणणार नाही. पण झोपेबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते वाट बघणं, ते मात्र अगदी खरं दुखणं होतं.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटावर केलेले प्रयोग १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांनी लोकांना मोठ्या आवाजात काम करायला बसवलं. काही जणांच्या हाताशी एक बटण दिलं. आवाज असह्य झाला तर दाबा, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. बटण दाबलंच नाही तरी ते हाताशी असलेल्यांनी नंतरची कामं जास्त चिकाटीने आणि कमी चुका करत केली. आवाज सगळ्यांना सारखाच होता, फरक होता तो बटणाचा. आवाज कधी येणार हे आधी कळत असेल तरी त्रास कमी होतो, हेही त्यांना दिसलं.

आता हे पार्किंगला लावून बघा. गाडीच्या मालकाला मोबाइलवर दिसतं की चार्जिंग ७० टक्क्यांवर आहे, दीडला संपेल. हवं तर तो बिछान्यातून बंदही करू शकतो. बटण त्याच्या उशाशी आहे. त्याच्या घरात तोच आवाज तेवढाच आला तरी तो घोरत पडेल. वरच्या बाईंना काय माहीत असतं? काहीच नाही. त्यामुळे ‘आम्हाला नाही होत त्रास, तुम्हालाच कसा होतो?’ या वाक्याला शरीरशास्त्रात काही अर्थ नाही.

झोप पूर्ण मोडली नाही तरी शरीर आवाजाची नोंद घेतं. युरोपातल्या चार मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० लोकांचा झोपेतला रक्तदाब ठरावीक अंतराने मोजला गेला आणि खोलीतला आवाजही नोंदवला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की विमान गेलं की वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी वाढत होता, माणूस जागा झाला नाही तरीही. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती विश्रांती असते. ती सलग काही वर्षं मिळाली नाही तर पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. विमान आणि गाडीचा पंखा यांची बरोबरी मी करत नाही. पंखा त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे. पण ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांची गाढ झोप मुळातच कमी झालेली असते, त्यांना जाग लवकर येते आणि परत झोप लागायला वेळ लागतो. ज्यांना बीपी, हृदयविकार आहे किंवा नुकतंच बाळंतपण झालंय, त्यांच्या रात्रीची किंमत इतरांपेक्षा जास्त आहे, एवढं धरून चालावं.

कायद्याचं काय? आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी त्यांतली मर्यादा. पण ती परिसरातल्या आवाजाची आहे, आणि तक्रारीची तरतूद ठरलेल्या पातळीपेक्षा दहा किंवा अधिक डेसिबल जास्त असतील तेव्हाची. एका गाडीचा पंखा त्यात बहुधा बसणार नाही. पोलिसांत जाऊन फार तर शेजार तुटेल.

त्यापेक्षा पंख्याचं शास्त्रच उपयोगाचं आहे. पंख्याचा वेग निम्मा झाला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो; हा फार मोठा फरक आहे. आणि वेग कमी व्हायचा तर उष्णता कमी हवी, उष्णता कमी व्हायची तर विद्युतप्रवाह कमी हवा. अनेक गाड्यांमध्ये किंवा भिंतीवरच्या चार्जरमध्ये हा प्रवाह कमी करायची सोय असते. रोजचं येणं-जाणं तीस-चाळीस किलोमीटर असेल तर तेवढी वीज १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरूनही दोन-तीन तासांत भरते, त्यासाठी ७.२ किलोवॅट कशाला? लांबच्या प्रवासाहून किंवा घाट चढून आलेली गाडी आधीच तापलेली असते, तिला तासभर उभी ठेवून मग चार्जिंगला लावली तर पंख्याचं काम हलकं होतं. चार्जिंग चालू असताना गाडीवर कव्हर घालू नये, हवा अडते आणि पंखा आणखी जोरात फिरतो. रेडिएटरच्या जाळीत पाला, धूळ, उडत्या पिशव्या अडकलेल्या असतात, त्या सर्व्हिसिंगच्या वेळी काढून घ्याव्यात. आवाज बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूने येतो. जागा असेल तर गाडीचं नाक मोकळ्या बाजूला करावं, खिडकीकडे किंवा जवळच्या भिंतीकडे नको. आणि नेहमीच्या घरघरीऐवजी खरखर किंवा ठकठक येऊ लागली, तर तो शेजाऱ्याचा नव्हे, मेकॅनिकचा विषय आहे.

चार्जिंगचे पॉइंट अजून बसवायचे असतील त्या सोसायट्यांनी तर हे आधीच बघावं. बसवताना सगळे केबलची लांबी आणि मीटरची खोली बघतात. वर कोणाचं शयनगृह आहे हे फारसं कोणी बघत नाही. चार मीटर केबल वाचवण्यासाठी पुढची दहा वर्षं भांडण कशाला विकत घ्यायचं?

वेळेचा तोडगा सगळ्यात सोपा दिसतो, पण त्यात एक मेख आहे. ‘रात्री अकरानंतर चार्जिंग नको, दिवसा करा’ असा ठराव बऱ्याच जणांना सुचतो. आमच्या रुग्णालयातल्या एक सिस्टर महिन्यातले कितीतरी दिवस रात्रपाळी करतात. सकाळी नऊला घरी येऊन, डबे-शाळा उरकून त्या साडेदहाला झोपतात. त्यांची रात्र तीच. बस, एसटी, पोलीस, सुरक्षारक्षक, कारखाने, कॉल सेंटर, एकेका इमारतीत असे कितीतरी लोक असतात आणि ते बैठकीला येत नाहीत, कारण बैठकीच्या वेळी ते एकतर ड्युटीवर असतात किंवा झोपलेले. म्हणून सरसकट वेळ ठरवण्याआधी त्या दोन-चार खिडक्यांच्या मागे कोण, कधी झोपतं हे विचारून घ्यावं. आणि वेळ ठरली की ती खाली लिहून लावावी. ‘आज गाडी साडेआठला लावली, साडेदहाला संपेल’ एवढा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही झोपेवर उपाय ठरू शकतो. ग्लास आणि सिंगर यांच्या बटणाचा हा स्वस्त अवतार म्हणा.

त्या शिक्षिकाबाईंच्या बाबतीत जवळपास हेच झालं. गाडीवाल्या मुलाने प्रवाह कमी केला आणि चार्जिंग अकराच्या आत संपेल असं लावून दिलं. महिन्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी उशीर होणार असेल तर तो आधी कळवतो आणि त्या दिवशी, बाई म्हणतात, आवाज येऊनही त्या झोपतात. सांधेदुखीच्या गोळ्या मी थांबवल्या, बीपीची गोळी होती तीच ठेवली. पार्किंगमधल्या विजेचं बिल कोणी किती भरायचं यावरून मात्र सोसायटीत अजून जोरात चालू आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

दरम्यान, ज्यांना लगेच काही करायचंय त्यांच्यासाठी. पलंगाचं उशाकडचं टोक खिडकीपासून लांबच्या भिंतीला करा. स्वतःचा टेबलफॅन एकाच वेगावर, मान न फिरवता रात्रभर ठेवा. त्याच्या सलग आवाजाखाली बाहेरचं चालू-बंद बरंचसं झाकलं जातं. फोमचे इअरप्लग चालतात, पण ते स्वच्छ हवेत आणि कान वाहत असेल तर नकोत. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग जवळपास शून्य. जाग आल्यावर घड्याळ आणि मोबाइल बघू नका, किती वाजले हे कळल्यावर झोपेचा हिशेब सुरू होतो.

पंखा थांबला, गाडी हलवली, आणि तरीही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही किंवा सकाळचं बीपी चढंच राहिलं, तर मग कारण दुसरीकडे शोधायला हवं. त्यासाठी जवळच्या डॉक्टरांकडे जा. त्या विमानतळांच्या अभ्यासात रक्तदाब वाढवणाऱ्या आवाजांत खोलीतल्या घोरण्याचाही समावेश होता. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर बीपीची गोळी वाढवून भागत नाही. त्यामुळे जाताना आपण घोरतो का, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हे घरच्यांना विचारून जा. ते स्वतःला माहीत नसतं.